लिंक बंद आहे

जानेवारीत लखनऊला धुकं उतरलं की आमच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या बाल्कनीतून समोरचा कडुलिंब आधी नाहीसा होतो, मग फाटक, मग फाटकाशी लावलेली माझी स्कूटर. चारबाग स्टेशनात गाड्या सहा-सहा तास उशिरा लागतात, शाळांच्या सुट्ट्या दोन-दोन दिवसांनी वाढत राहतात. कपूरथला बाजारात लोक हात चोळत गाजराचा हलवा खात उभे असतात आणि भाजीवाला भैया दिसायच्या आधी ऐकू येतो. लखनऊकर या धुक्यावर खूश असतात. नोकरीसाठी इथे आलेला मी नसतो. या दिवसांत मी घरात चिडका होतो, चहा गार झाला म्हणून कप आपटतो. वैशाली, माझी बायको, म्हणते, "लागलं तुमचं धुकं." तिला कारण माहीत आहे. पांढऱ्यात पांढरं मिसळून सगळ्या कडा पुसल्या गेल्या की मला निगमसाहेब आठवतात, आणि आठवले की माझी मूठ वळते.

अठरा वर्षांपूर्वी मी अंटार्क्टिकावरच्या आपल्या स्टेशनात एक हिवाळा काढला. मी सरकारी खात्यातला भूवैज्ञानिक, तेव्हा अविवाहित, हिंगणघाटच्या एका शिंप्याचा धाकटा मुलगा. आम्ही पंचवीस जण होतो. मार्चमध्ये शेवटचं जहाज निघून गेलं आणि नोव्हेंबरपर्यंत कुणी येणार नव्हतं, कुणी जाणार नव्हतं. डॉक्टर निगम आमचे नेते. उंच, गोरे, आवाज रेडिओवरच्या निवेदकासारखा. कुणी आजारी पडलं तर स्वतः सूप घेऊन जायचे. हे मी मुद्दाम सांगतो. वाईट माणूस सतत वाईट वागत असता तर मला सोपं गेलं असतं.

माझं काम म्हणजे बर्फ मोजणं. स्टेशनच्या मागे बर्फात बांबूच्या काठ्या रोवलेल्या होत्या. रोज जाऊन कोणत्या काठीपाशी बर्फ किती चढला, किती उडून गेला ते वहीत लिहायचं. स्टेशनपासून काठ्यांपर्यंत दोर बांधलेला होता. वादळात तो हातात धरूनच चालायचं, कारण स्वतःचे बूटसुद्धा दिसायचे नाहीत. पेनातली शाई गोठायची म्हणून पेन्सिल. पेन्सिल धरायला हातमोजा काढावा लागायचा आणि चार आकडे लिहीपर्यंत बोटं लाकडाची व्हायची. आत आलो की पाळीची कामं असत. तळ्यातून पंपाने पाणी आणायचं, संडास धुवायचे, फरशा पुसायच्या, नेगीच्या हाताखाली कांदे चिरायचे. नेगी आमचा स्वयंपाकी, गढवालचा, कमी बोलणारा. कांदे सुकवलेले होते, तरी चिरणं म्हणायची पद्धत होती.

बाबांनी माझ्यासाठी एक बंडी शिवून दिली होती, आतून कापूस भरलेली, सहा खिशांची. सरकारने दिलेल्या भारी कपड्यांपुढे ती हास्यास्पद दिसायची. "एवढे खिसे कशाला?" मी विचारलं होतं. "तिथं काय काय सापडंल, ठेवशील कुठं?" ते म्हणाले होते. मी ती रोज घालायचो. एका खिशात पेन्सिल, एका खिशात खडीसाखर.

मे संपता संपता सूर्य गेला. दुपारी उत्तरेकडे तासभर लालसर रेघ उमटायची, मग तीही बंद झाली. त्यानंतर माणसांना एकमेकांचा कंटाळा येऊ नये म्हणून करमणुकीचं वेळापत्रक असायचं. टेबल टेनिस, जुने सिनेमे, रविवारी अंताक्षरी, कधी शेजारच्या रशियन स्टेशनचे लोक आले की त्यांचं अकॉर्डियन. आणि कॅरम. कॅरममध्ये सबंध स्टेशनात माझ्या तोडीचे एकटे निगमसाहेब होते. रोज संध्याकाळी सात वाजता (संध्याकाळ फक्त घड्याळात होती) ते बोर्डावर पावडर टाकून मला हाक मारायचे, "आओ प्रमोद, आज रानी हमारी।" मला त्या हाकेचा अभिमान वाटायचा. तो आठवला की आज स्वतःची लाज वाटते.

फोन उपग्रहाचा होता, रेडिओच्या खोलीत. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला दहा मिनिटं. माझा वार मंगळवार. हिंगणघाटला दादाच्या घरी सगळे फोनभोवती जमायचे. बाबा बोलायचे सगळ्यात कमी आणि त्यांचे प्रश्न सगळ्यात विचित्र असायचे. पेंग्विनच्या पाठीचं माप काय असेल, हे त्यांनी खरोखर विचारलं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी फोनसाठी गेलो तर निगमसाहेब दारातच उभे. म्हणाले, "लिंक बंद है। अँटेना में कुछ गड़बड़ है।" खांद्यावर हात ठेवला. "परेशान मत होना." मी कशाला परेशान होतोय? लिंक बंद पडायची अधूनमधून. मी उलट हसून म्हटलं, चला, मग एक डाव होऊन जाऊ दे. आम्ही खेळलो. मी जिंकलो.

शुक्रवारी मध्य हिवाळ्याचा सण होता. वर्षातला सगळ्यात अंधारा दिवस. त्या खंडावरची सगळी स्टेशनं तो साजरा करतात, कारण तिथून उजेड परतायला लागतो. आम्ही कागदाच्या पताका लावल्या, नेगीने दुधाच्या पावडरीचे गुलाबजाम केले आणि प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं ठरलं. मी नक्कल केली. माझ्या बाबांची. स्टेशनच्या दवाखान्यातून पट्टीचं भेंडोळं आणून गळ्यात टेपसारखं टाकलं, चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, बंडी घातली आणि निगमसाहेबांना मधोमध उभं करून त्यांच्या पोटाचं माप घेतलं. बाबा करतात तसं आकडा पुटपुटत, मान हलवत म्हटलं, "साहेब, कापड कमी पडेल." सगळे हसले. निगमसाहेब तर डोळे पुसून हसले. कुणीतरी फोटो काढला.

जेवताना नेगीने सगळ्यांच्या वाट्यांत गुलाबजाम वाढले आणि माझी वाटी टाळून पुढे गेला. मी म्हटलं, "अरे यार, मेरा?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साब, आपके लिए खत्म हो गया।" पातेलं भरलेलं मला दिसत होतं. मला वाटलं चेष्टा करतोय. मी उठून पातेल्यातून स्वतः तीन घेतले आणि त्याच्या तोंडासमोर खाल्ले. नेगीने पळी खाली ठेवली आणि तो आत निघून गेला.

त्यानंतरही लिंक बंदच होती. मी रोज काठ्या मोजत होतो, रोज कॅरम खेळत होतो.

सुतक म्हणजे काय, त्यात गोड खात नाहीत, हे गढवालच्या त्या माणसाला माहीत होतं, हे मला नंतर उमगलं. तोंड उघडायची त्याला मनाई होती, म्हणून त्याने माझी वाटी टाळली. माझ्या रागाच्या यादीत नेगीचं नाव कधीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी, रेडिओच्या खोलीत झाडू मारायची पाळी माझी होती. ऑपरेटर चहाला गेलेला. फोन वाजला. बंद असलेला फोन वाजला, म्हणून मी आनंदाने उचलला. दादा होता. माझा आवाज ऐकून त्याने आधी आईला हाक मारली. मग म्हणाला, "प्रमोद? आलास एकदाचा फोनवर. बरं झालं. आज तेरावं उरकलं. आई इथंच आहे, बोल तिच्याशी."

मी विचारलं, "कुणाचं तेरावं?"

पलीकडे भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता. पंगती उठत होत्या बहुतेक. दादा म्हणाला, "कुणाचं म्हणजे? अरे, साहेबांनी तर सांगितलं तुला. मी रोज फोन लावतो आहे. ते म्हणतात तू बोलायला तयार नाहीस. पत्थर जैसा बैठा है, म्हणतात. रडतसुद्धा नाही."

बाबा जाऊन बारा दिवस झाले होते. आमच्या गुलाबजामांच्या दिवशी चार.

आईशी न बोलताच फोन ठेवून मी निगमसाहेबांच्या खोलीत गेलो. ते लिहीत होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी दार लावलं, मला बसवलं आणि त्या सुंदर आवाजात म्हणाले, "तुम कर क्या लेते, प्रमोद? नवंबर तक कोई रास्ता नहीं था। मैंने सोचा, त्योहार निकल जाए, फिर बताऊँगा।" मी विचारलं, आईला का खोटं सांगितलंत? ते म्हणाले, "कुछ तो कहना था।"

कुछ तो कहना था. या चार शब्दांवर मी अठरा वर्षं जगलो आहे.

तिथे करता येण्यासारखं फार थोडं होतं. मारामारी केली असती तर पंचवीस माणसांच्या त्या डब्यात मीच वेडा ठरलो असतो. मग मी एकच केलं. संध्याकाळी सातला त्यांनी हाक मारली तेव्हा मी पुस्तक वाचत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही. त्या दिवसापासून जहाज येईपर्यंत, पाच महिने, मी त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोललो नाही आणि कॅरमला हात लावला नाही. ते नवशिक्यांबरोबर खेळायचे. मुद्दाम हरायला लागलेल्या माणसांबरोबर खेळणं किती बेचव असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. ते बघायला मी रोज सातला बरोबर त्याच खोलीत येऊन बसायचो. सूर्य परत आला त्या दिवशी सगळे बाहेर जाऊन नाचले, एकमेकांना मिठ्या मारल्या. त्यांनी माझ्यासाठी हात पसरले. मी वाकून बुटाची नाडी बांधली.

परत आल्यावर मी तक्रार केली. नेत्याला परिस्थिती पाहून निर्णय घ्यायचा अधिकार असतो, असं उत्तर आलं. ते मी फाडून टाकलं. पण घरी जे झालं ते फाडता येत नव्हतं. फोनवरचं माझं 'कुणाचं तेरावं' दादाने धक्क्यातलं बोलणं धरलं होतं. आईला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढा मोठा साहेब खोटं कशाला बोलंल रे? होतं माणसाचं असं. तुझ्यानं नाही बोलवलं, नाही बोलवलं. मी काही मनात नाही ठेवलं." तिने मनात ठेवलं होतं. त्यानंतर माझ्यासमोर बाबांचा विषय निघाला की ती उठून कामाला लागायची. शेवटच्या दिवशी काय झालं, ते काही म्हणाले का, हे तिने मला कधी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

म्हणून धुकं. दरवर्षी या पांढऱ्या दिवसांत मी मनातल्या मनात निगमसाहेबांना समोर उभं करत आलो. ऑफिसला जाताना हेल्मेटच्या आत वाक्यं घासूनपुसून तयार करायचो. कधी ते माझ्या पाया पडायचे, कधी मी त्यांना वादळात दोराशिवाय सोडून द्यायचो. माफ करावं, असं मला कधी वाटलं नाही. पुस्तकांतली माणसं म्हणतात की राग धरणाऱ्यालाच जाळतो. मला तर त्याने ऊब दिली.

निवृत्त झाल्यावर ते लखनऊला, त्यांच्या मूळ गावी, परत आल्याचं मला कळलं होतं. मागच्या हिवाळ्यात कपूरथला बाजारात ते शेंगदाणे घेताना दिसलेही. पाठ जरा वाकली होती. मी दुकानाच्या खांबाआड उभा राहिलो. इतकी घोकलेली वाक्यं, एकही आठवेना. घरी येऊन मी कप आपटला.

आणि यंदा, शाळा उघडल्या त्या पहिल्याच आठवड्यात, रेवा, माझी सोळा वर्षांची मुलगी, दप्तर न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"पापा, आज स्कूल में एक अंकल आए थे, अंटार्क्टिका वाले। स्लाइड में आप थे।"

"मी?"

"हाँ। गले में पट्टी लटकाए, किसी का पेट नाप रहे थे। सब हँस रहे थे। फिर उन्होंने बताया कि ये जो लड़का है, इसके पिताजी गुज़र चुके थे और इसे पता नहीं था। बोले, लीडर को कभी-कभी ऐसा पत्थर सीने पर रखना पड़ता है।" तिचा आवाज बारीक झाला. "सबने ताली बजाई, पापा। मैंने भी बजा दी। बाद में समझ आया कि वो तो दादाजी..."

थंडी पडली की त्यांना भाषणाला बोलावतात, असं चौकशी केल्यावर समजलं. शाळा, क्लब, सोसायट्या. पुढच्या रविवारी सकाळी अकराला आमच्याच महानगरातल्या सभागृहात होतं. मी गेलो. रेवा म्हणाली मीही येते, तिलाही नेलं.

धुक्यामुळे लोक उशिरा आले, पण सभागृह भरलं. शाली, मफलर, कानटोप्या. निगमसाहेबांचा आवाज तसाच होता. पेंग्विन झाले, वादळ झालं, आणि मग तो फोटो आला. मी पडद्यावर अठ्ठावीस वर्षांचा होतो, सहा खिशांच्या बंडीत, तोंड भरून हसत. त्यांनी पत्थरवालं वाक्य म्हटलं. मग म्हणाले, "जब वह सँभलने लायक हुआ, तब मैंने उसे अपने कमरे में बिठाकर, हाथ थामकर बताया।" टाळ्या.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो.

"सर, उसे किसने बताया?"

"मैंने ही, जनाब। अभी अर्ज़ किया।"

"नहीं सर। मुझे मेरे भाई ने बताया था। फोन पर, तेरहवीं के दिन। मैं झाड़ू लगा रहा था।"

त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडे बघितलं. "प्रमोद?"

"और मेरी माँ से आपने क्या कहा था, सर? वो भी इन लोगों को बताइए।"

सभागृहात कुणीतरी खोकलं आणि थांबलं. पडद्यावर मी हसतच होतो. निगमसाहेब पाणी प्यायले. म्हणाले, हे आपण नंतर बोलू या का. पहिल्या रांगेतल्या एक वयस्क बाई मागे वळून मला म्हणाल्या, "नहीं बेटा, अभी कहिए।" मग मीच सांगितलं सगळं. गुलाबजामांसकट. शेवटी म्हटलं, "माँ यहाँ से सात मिनट पर रहती हैं, सर। चलिए। बस उनसे कह दीजिए कि सच क्या था।"

एकांतात विचारलं असतं तर ते आले नसते. म्हणूनच मी एकांतात विचारलं नाही. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. त्यांनी कोट घातला.

सात मिनिटं आम्ही धुक्यातून चाललो, रेवा पुढे, तिच्यामागे मी, माझ्यामागे ते. ते बोलत होते. आधीच्या एका मोहिमेत एक माणूस अशाच बातमीने बिघडला होता, त्यांना भीती होती, पंचवीस जणांची जबाबदारी होती. दम लागून मधेच थांबत होते. भीती खरीही असेल. मी पाच महिने गप्प राहिलेला माणूस, मला सात मिनिटं काय जड होती.

आई चार वर्षांपासून आमच्याकडे असते. बाल्कनीच्या आतल्या बाजूला खाटेवर बसून ती मटार सोलत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कान तिखट. मी म्हटलं, "आई, हे निगमसाहेब."

नाव ऐकून तिचे हात थांबले. तिने त्यांना बसा म्हटलं नाही. खुर्ची समोरच होती.

ते हात जोडून उभे राहिले. "माताजी, आपके बेटे को कुछ मालूम नहीं था। मैंने उसे बताया नहीं था। आपसे जो कहा कि वह बात नहीं करना चाहता, वह झूठ था।"

आईचं हिंदी हिंगणघाटच्या बाजारातलं. "कितने दिन?"

"जी, बारह।"

"मैं रोज पूछती थी," आई म्हणाली. "मेरा बड़ा लड़का रोज फोन लगाता था। मैं पूछती थी, रोया क्या वो? तुम बोले, नहीं रोया।" तिने शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. "अठरा साल मेरे को लगा, मेरा लड़का पत्थर है।"

ते काहीतरी म्हणू लागले. त्याच वेळी वैशाली ट्रे घेऊन आली. आमच्या घरी गॅसचं सिलिंडर घेऊन येणारासुद्धा चहाशिवाय जात नाही, ते आईमुळे. आईने हात वर केला. "चहा आत ने," ती वैशालीला म्हणाली. आणि त्यांना, "अब जाओ।"

ते जिना उतरले. मी वरून बघत होतो. फाटकापाशी ते क्षणभर थांबले, कोणत्या बाजूला वळायचं ते कळेना बहुतेक, आणि मग धुक्यात दिसेनासे झाले. मी हाक मारून रस्ता सांगितला नाही. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मी आत वळलो तर आई वाटी बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती.

"ये, बस," ती म्हणाली. मी खाटेवर बसलो, रेवा खाली फरशीवर.

"गणवेशाचे दिवस होते," आई म्हणाली. "शाळा उघडायच्या. सोमवार होता. सकाळपासून मशिनीवर होते. मी म्हटलं जेवून घ्या, तर म्हणे दोन चड्ड्या राहिल्या. मग पाय थांबवून मला म्हणाले, उद्या प्रमोदचा फोन आहे, आठवण कर, एक विचारायचं आहे. मी म्हटलं, काय? तर म्हणे, तिथं सूर्यच नाही, तर ती माणसं कपडे वाळवतात कशावर?" ती थांबली. "एवढं बोलले, आणि मशिनीवर डोकं ठेवलं. मला वाटलं हसतात."

अठरा वर्षं हा प्रश्न तिच्यापाशी होता.

"जनरेटरच्या खोलीत, आई," मी म्हटलं. "दोरी बांधून. तासाभरात वाळायचे."

"असं होय," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली. शेजारी कोण धावलं, दादाला कुणी निरोप दिला, अंगावर कोणतं धोतर घातलं, अर्धी शिवलेली चड्डी कुणी पुरी केली. ती एकेक सांगत होती, रेवा तिच्या गुडघ्याला टेकून ऐकत होती. मी ऐकत होतो, रडत होतो, आणि मला खाली धावत जाऊन निगमसाहेबांना धुक्यातून ओढून आणावंसं वाटत होतं. त्या रिकाम्या खुर्चीत बसवून त्यांना हे सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, ऐकवायला हवं होतं.